'आता घरी न्या' असे सांगितल्यानंतर : कॅन्सरच्या रुग्णाची घरची शुश्रूषा

मराठवाड्यातला कॅन्सरचा रुग्ण बहुधा उशिरा मोठ्या दवाखान्यात पोहोचतो. तंबाखू, गुटखा आणि मिस्री यांमुळे झालेला तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर, अथवा वेळेवर तपासणी न झाल्याने वाढलेला स्तनाचा किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर घेऊन तो छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा थेट मुंबईला टाटा रुग्णालयात जातो, किमोथेरपी आणि शेक, म्हणजे किरणोपचार, घेतो, आणि काही महिन्यांनी डॉक्टर सांगतात की आजार आता बरा होण्यासारखा राहिला नाही, घरी न्या. या सांगण्याचा अर्थ 'आता करण्यासारखे काही उरले नाही' असा घेतला जातो, आणि तेथूनच रुग्णाचे हाल सुरू होतात. आजार हटवण्याचे उपचार थांबले तरी वेदना, धाप, मळमळ, जखम आणि बद्धकोष्ठता यांवरचे उपचार अखेरपर्यंत चालू ठेवता येतात, आणि त्यांतला मोठा भाग घरचे लोकच करू शकतात. अखेर शांत व्हावी यासाठी जे लागते ते शुद्धीत असताना घेतलेल्या काही निर्णयांतून आणि रोज घड्याळाप्रमाणे केलेल्या साध्या कामांतून उभे राहते. शेवटच्या रात्री केलेल्या धावपळीतून ते मिळत नाही.

रुग्णालय सोडण्याआधी

डिस्चार्ज कार्ड हातात पडताच गाडी ठरवण्याची घाई करू नये. निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की येथे पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे उपशामक उपचारांचा विभाग आहे का, मॉर्फिनच्या गोळ्या कोठून आणि किती दिवसांच्या मिळतील, आणि रात्री त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा. रुग्णाला नाकातली नळी, लघवीची नळी, पोटावरची पिशवी किंवा श्वासासाठी गळ्याला केलेले छिद्र असेल, तर त्याची निगा कशी राखायची हे सिस्टरांकडून नुसते ऐकून न घेता त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा करून पाहावे. रुग्णालयात बहुतेक वेळा मुलगा किंवा पुतण्या असतो आणि घरी सगळे काम पत्नीवर किंवा सुनेवर पडते. म्हणून निदान सुटीच्या दिवशी तरी तिला तेथे बोलावून घ्यावे आणि नळीतून अन्न कसे द्यायचे हे तिलाच शिकू द्यावे.

राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ साली आखला गेला, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्येही उपशामक सेवेचा समावेश आहे. प्रत्येक गावी ती सारखीच मिळत नाही हे खरे. तरीही जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, आणि रुग्ण घरी आल्याचे गावच्या आशाताईंना व उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात कळवावे. ड्रेसिंग किंवा नळी बदलणे जवळच होऊ शकले, तर दुखऱ्या अंगाने दर वेळी तालुक्याचा प्रवास करावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातच विशेष आहे. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मागे घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी लेकरे. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराने मुकादमाकडून उचल घेण्याआधीच ठरवावे की मागे कोण राहणार. एकट्या सत्तरीतल्या आईच्या हाती मॉर्फिन, नळी आणि जखम सोपवून कोयता हाती घेणे हे त्या दोघांवरही अन्याय करणारे आहे.

वेदना : पहिले काम

वेदना आटोक्यात आल्याशिवाय पुढचे काहीच नीट होत नाही. झोप, खाणे, कूस बदलणे, बोलणे, सारे तिच्यावर अवलंबून असते. वेदना किती आहे हे रुग्ण सांगेल तेच खरे मानावे. दहापैकी किती, असे विचारले तर जुन्या माणसांना उमगत नाही, पण 'आबा, रुपयात किती आणे दुखतंय?' असे विचारले की चार आणे, बारा आणे असे नेमके उत्तर मिळते. हे उत्तर, त्या वेळी दिलेली गोळी आणि घड्याळातली वेळ एका वहीत लिहून ठेवावी. डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवताना या वहीचा जेवढा उपयोग होतो तेवढा 'लई दुखतंय' या शब्दांचा होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्यापुढे ट्रॅमाडॉल किंवा कोडीन, आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन, असा तिचा क्रम आहे. आणि औषध शक्यतो तोंडाने व ठरलेल्या वेळी द्यावे हा तिचा गाभा आहे. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी द्यायची असते. दुखायला लागल्यावर देऊ, असे म्हणून थांबले तर वेदना आधी चढते, मग तिला उतरवायला अधिक औषध लागते, आणि रुग्ण दिवसभर त्या चढ-उतारातच राहतो. रात्री दोनला उठवावे लागू नये म्हणून झोपतानाची मात्रा डॉक्टर अनेकदा वाढवून देतात. ती त्यांना विचारूनच द्यावी. मधेच वेदना उसळली तर द्यायची जादा मात्राही आधीच लिहून घ्यावी. नसेची वेदना, म्हणजे आग होणे, मुंग्या किंवा विजेसारखी कळ, ही नेहमीच्या औषधांनी पुरती थांबत नाही आणि तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात. म्हणून वेदना कशी आहे हेही सांगावे.

मॉर्फिनचे नाव निघाले की घरात भीती पसरते. हे अफूपासून होते, व्यसन लागेल, हे सुरू केले म्हणजे माणूस आता जाणारच, अशा समजुतींमुळे गोळ्या कपाटात पडून राहतात आणि रुग्ण विव्हळत राहतो. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने नशेची ओढ लागणे क्वचितच घडते. शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकाएकी बंद करायचे नसते, एवढेच. योग्य मात्रेतले मॉर्फिन मृत्यू जवळ आणत नाही, आणि कितीतरी रुग्ण ते महिनोन् महिने घेत घरात वावरतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ येते, ती पुढे कमी होते. बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही, म्हणून मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून रोज द्यावे. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला इसबगोल देऊ नये, कारण ते आत घट्ट बसते. कित्येक दिवस शौचास न झालेल्या रुग्णाला अचानक पातळ गळू लागले तर ते जुलाब असतीलच असे नाही. आत साचलेल्या कठीण मळाच्या बाजूने पाणी झिरपत असू शकते, आणि तेव्हा जुलाब थांबवण्याची गोळी दिली तर त्रास वाढतो. रुग्ण हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, किंवा लघवी कमी होऊन अंगाला झटके येत असतील, तर पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे पूर्वी फार अवघड होते; २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवता येऊ लागले. गावच्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही. त्यामुळे गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच आणण्याची व्यवस्था करावी, सणांच्या सुट्या लक्षात घ्याव्यात, आणि गोळ्या लेकरांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी कुलपात ठेवाव्यात.

अंग, तोंड आणि जखम

बाजेवर झोपणाऱ्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यांवर वजन पडून त्वचा लाल होते, आणि तो लालपणा दाबूनही जात नसेल तर व्रणाची सुरुवात झाली असे समजावे. सैल पडलेल्या बाजेत कंबर खोल जाते, म्हणून तीवर सपाट फळी व जाड गादी घालावी किंवा खाटेची सोय करावी. दर दोन तासांनी कूस बदलावी. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी किंवा गोधडीची वळकटी लावून थोडेसे कलते ठेवावे, दोन गुडघ्यांमध्ये मऊ कापड घालावे आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. रुग्णाला ओढू नये. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी ती उचलून त्याला सरकवावे. लाल झालेल्या जागेवर चोळू नये, स्पिरिट किंवा पावडर लावू नये. हवेची गादी चांगली, पण वीज गेल्यावर तिचा उपयोग थांबतो, आणि ती असली तरी कूस बदलणे चुकत नाही. शेवटच्या दिवसांत मात्र वळवण्याने फार कळा येत असतील तर दोन तासांचा नियम सैल करावा, कारण तेव्हा त्वचेपेक्षा आराम मोठा.

तोंडाची निगा दिवसातून चार-पाच वेळा तरी करावी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून चुळा भरायला द्याव्यात. चूळ भरता येत नसेल तर बोटाला मऊ ओले कापड गुंडाळून हिरड्या, जीभ आणि गालाची आतली बाजू हलक्या हाताने पुसावी. ओठांना व्हॅसलिन किंवा तूप लावावे. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर बुरशी असू शकते आणि तिच्यावर साधे औषध असते.

वर आलेल्या, वाहणाऱ्या जखमेचा वास हा रुग्णाला एकटे पाडणारा सर्वांत क्रूर त्रास आहे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरचा रुग्ण ओट्यावर किंवा गोठ्याजवळ वेगळा ठेवलेला पाहावा लागतो, आणि ते केवळ वासामुळे झालेले असते. कॅन्सर संसर्गजन्य नाही, रुग्णाच्या ताटात जेवल्याने किंवा त्याचे कपडे धुतल्याने तो कोणालाही होत नाही. जखम रोज, स्राव जास्त असेल तर दोनदा, धुवावी. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ घातले की धुण्याचे पाणी तयार होते. आधीची पट्टी कोरडी ओढून काढू नये, ती या पाण्याने पूर्ण भिजवून सुटू द्यावी. वासासाठी डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरावी. हे औषध स्वस्त आहे आणि दोन-चार दिवसांत वास लक्षणीय उतरतो. पट्टीसाठी जुन्या सुती लुगड्याचे तुकडे चालतात, मात्र ते धुऊन, उकळून आणि कडक उन्हात वाळवून घ्यावेत. हळद, राख किंवा झाडपाला जखमेत भरू नये. माशा बसून अळ्या होतात, म्हणून दिवसाही मच्छरदाणी लावावी, आणि अळ्या दिसल्याच तर लाजून लपवून न ठेवता लगेच सिस्टरांना दाखवावे.

मानेच्या किंवा तोंडाच्या जखमेतून एकाएकी रक्त जाऊ शकते. हा धोका असेल तर डॉक्टर आधी सांगतात. तेव्हा गडद लाल किंवा काळ्या रंगाचे दोन जाड टॉवेल उशाशी ठेवावेत, कारण पांढऱ्या कापडावरचे रक्त रुग्णाला आणि घरच्यांना अधिक घाबरवते. रक्त आले तर टॉवेलने दाबून धरावे, रुग्णाला कुशीवर करावे आणि त्याला एकटे सोडून कोणी धावू नये.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत घराने पहिल्यांदा रुग्णाच्या वाट्याचे पाणी बाजूला काढावे. पूर्ण अंघोळ रोज नसली तरी चालते. चेहरा, काखा, जांघा आणि पाठ ओल्या फडक्याने पुसली की भागते.

खाणे आणि सलाईन

रुग्ण खात असेल तोवर त्याला रुचेल ते थोडे थोडे द्यावे: ज्वारीची आंबील, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, ताक, दुधात कुस्करलेली भाकरी. नाकातल्या नळीतून अन्न देताना त्याला टेकवून बसवावे, अन्न बारीक गाळून कोमट द्यावे, हळूहळू सोडावे, शेवटी पाणी घालून नळी धुवावी आणि अर्धा तास तसेच बसू द्यावे.

अखेरच्या आठवड्यांत भूक मरते, आणि येथे घरातील सर्वांची मोठी परीक्षा असते. शरीर आता अन्न वापरू शकत नाही, म्हणून ते मागत नाही. त्याला बळेच भरवले तर ठसका, उलटी आणि छातीत घरघर वाढते. पाहुणे येतात, ताट तसेच परत गेलेले पाहतात, आणि 'उपाशी मारता का, सलाईन तरी लावा' असे म्हणतात. आपल्याकडे सलाईन म्हणजे शक्ती असा समज खोलवर रुजलेला आहे, परंतु बाटलीत बहुतांशी मीठ-साखरेचे पाणी असते, आणि थकत चाललेल्या हृदयाला व मूत्रपिंडाला ते पेलवत नाही. पाय सुजतात, फुप्फुसात पाणी साठते, धाप वाढते. काही ठरावीक कारणांसाठी डॉक्टर ते देतात, तो वेगळा भाग. सुया टोचून घेण्यात जाणारा वेळ ओठ ओले करण्यात आणि पाय चेपण्यात जावा, असे माझे ठाम मत आहे. आणि पाहुण्यांना हे उत्तर घरातल्या एकाच जाणत्या माणसाने द्यावे, सुनेला द्यायला लावू नये.

काय सांगावे, काय ठरवावे

आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या केंद्राची, सुरुवात १९६७ साली लंडनमध्ये करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि नंतर डॉक्टर. शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा या चारही ठिकाणी दुखणे असते आणि एकावर औषध देऊन बाकीचे शमत नाही, हे त्यांनी मांडले. मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, भावकीतला बांधाचा वाद यांची चिंता रात्री वेदनेच्या रूपाने वर येते हे गावोगाव दिसते, आणि मात्रा वाढवूनही न थांबलेली तळमळ कधी कधी एका मोकळ्या बोलण्याने उतरते.

'त्यांना काही सांगू नका' असे नातेवाईक प्रेमापोटी म्हणतात. बहुतेक रुग्णांना मात्र कळलेले असते, आणि घरचे लपवतात म्हणून तेही लपवतात. सत्य अंगावर फेकू नये, पण दारही बंद करू नये. 'तुम्हाला काय वाटतंय, दुखण्याचं कसं चाललंय?' असे विचारून गप्प बसावे. रुग्णाने विचारले तर खोटे बोलू नये, न विचारले तर लादू नये. सातबारा, वारस, बँकेतले नामनिर्देशन आणि मृत्युपत्र हे विषय तो पूर्ण शुद्धीत असताना, त्याच्या इच्छेने आणि सावकाश उरकावेत; बेशुद्ध माणसाचा अंगठा कागदावर उमटवणे हा गुन्हा आहे आणि पुढे भावाभावांत वर्षानुवर्षे कोर्टकचेरी लावणाराही.

शेवटचे दिवस घरी काढायचे की रुग्णालयात, व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे रुग्णालाच विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आधी लिहून ठेवलेली इच्छा मान्य केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. कागद केला नाही तरी रुग्णाने काय म्हटले हे सर्व भावंडांना एकत्र बसवून सांगावे, पुण्या-मुंबईच्या मुलालाही फोनवर घ्यावे. शेवटच्या क्षणी दूरवरून आलेल्या माणसाच्या आग्रहाने अतिदक्षता विभागात नेलेले रुग्ण पुष्कळ असतात.

काही त्रास मात्र लगेच रुग्णालयात नेण्याजोगे असतात: पाठीत कळ येऊन पायांतली शक्ती एकाएकी जाणे किंवा लघवी अडणे, हाड मोडणे, किमोनंतरच्या दिवसांत ताप भरणे. यांवर उपचार होऊ शकतो आणि उशीर महाग पडतो, म्हणून १०८ ला फोन करावा.

अखेरचे दिवस

झोप वाढते, गिळणे थांबते, लघवी कमी व गडद होते, हातपाय गार पडतात आणि गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. श्वास काही क्षण थांबून पुन्हा सुरू होतो. हे शरीराचे मिटत जाणे आहे. धाप लागली तर उशा लावून उंच बसवावे, खिडकी उघडावी, खोलीतली गर्दी बाहेर काढावी आणि चेहऱ्यावर वारा येईल असा पंखा, वीज नसेल तर हातपंखा, ठेवावा. थोडे मॉर्फिन धापेलाही उतार देते. घशात घरघर होते तेव्हा जवळच्यांना ती असह्य वाटते, परंतु त्या अवस्थेत रुग्णाला तिचा त्रास सहसा जाणवत नाही. कुशीवर वळवावे, तोंडात पाणी घालू नये, आणि घरघर कमी करणारे इंजेक्शन डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. रुग्ण अस्वस्थ होऊन कपडे ओढू लागला तर त्याला बांधू नये. लघवी तुंबली आहे का, पोट साफ आहे का, गोळी चुकली आहे का, हे पाहावे. गिळता येईनासे झाले तरी वेदनेचे औषध बंद करायचे नसते, ते दुसऱ्या मार्गाने देता येते.

ऐकू येणे उशिरापर्यंत टिकते असे मानून बोलावे, आणि खाटेपाशी खर्चाच्या किंवा तेराव्याच्या गोष्टी करू नयेत. हरिपाठ, त्रिशरण-पंचशील किंवा कलमा, जे त्याच्या आयुष्यात होते ते हळू आवाजात चालू द्यावे. गोदेला गंगा म्हणणाऱ्या आपल्या भागात मुखी गंगा घालण्याची रीत आहे; ती पाळताना चमचाभर न ओतता दोन थेंबांनी ओठ ओले करावेत. जमिनीवर घेण्याची रीत असेल तर प्राण जाण्याआधी दुखरे अंग हलवू नये, नंतर घ्यावे.

मृत्यूची वेळ लिहून ठेवावी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलावून कारणाचा दाखला घ्यावा. आजाराचे कागद एकत्र असतील तर अडचण येत नाही. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करावी. उरलेले मॉर्फिन जेथून आणले तेथे परत करावे. जिने सारी शुश्रूषा केली ती पुढे कित्येक आठवडे रात्री दोनला दचकून उठते. तिला लगेच शेतात किंवा चुलीपुढे लावू नये, तिच्याजवळ कोणीतरी झोपावे, आणि तिचे जेवण व झोप महिन्याभरातही परतली नाही तर आशाताईंना सांगावे किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलावे.